सत्तर हजार अनोळखी लोकांनी मिळून बनवलेली पणजी

जुने फोटो 'क्लिअर' करून देणाऱ्या अ‍ॅपांबद्दल जे म्हणायचं आहे ते आधीच म्हणून टाकते. ही अ‍ॅप तुमचा फोटो क्लिअर करत नाहीत. तुमचा फोटो बघून ती दुसरा फोटो काढतात. त्यात तुमच्या आजीच्या जागी, आजीचंच लुगडं नेसवून, आजीसारखीच मान तिरकी करून एक अनोळखी बाई बसवलेली असते. आणि आपण सगळे तिला हात जोडून 'काय सुंदर दिसायची नाही आजी!' असं फॅमिली ग्रुपवर लिहितो आणि खाली दहा बदाम टाकतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. माझी रोजची भाजीभाकरी अशाच तंत्रज्ञानाच्या आसपास शिजते, त्यामुळे 'तुम्हाला नवीन काही नकोच असतं' हा टोमणा कृपया दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवा. यंत्रावर माझा राग नाही, ते सांगितलेलं काम करतं. राग आहे तो 'एन्हान्स', 'रिस्टोअर' या बटणांवरच्या शब्दांवर, कारण ते सरळ खोटे आहेत. आणि त्याहून जास्त राग आपल्या आळसावर आहे. मूळ फोटो कपाटातून काढून, पुसून, नीट स्कॅन करायला दहा मिनिटं लागतात. ती वाचवायला आपण माणसाचा चेहरा बदलायला तयार होतो.

उदाहरण घरचंच देते, कारण त्याचे आकडे माझ्याकडे आहेत.

माझ्या पणजीचा एकच फोटो आहे. वाई तालुक्यातल्या आमच्या गावी पन्नासच्या दशकात झालेल्या एका लग्नातला, ११ माणसांचा ग्रुप फोटो. आकार ८४ बाय ५६ मिलिमीटर, म्हणजे पत्त्यांच्या कॅटमधल्या पानाएवढासुद्धा नाही. असे इवलेसे फोटो जुन्या अल्बमांत हमखास सापडतात. १२० नंबरच्या रोलची निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून उजेड द्यायचा, की निगेटिव्हच्याच मापाचा फोटो तयार. याला कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणतात. मोठा करायचं यंत्र लागत नाही, कागद कमी लागतो, पैसे कमी लागतात. या फोटोत पणजी डावीकडून दुसरी, जमिनीवर बसलेली आहे. तिचा चेहरा रुंदीला ५ मिलिमीटर. गव्हाचा दाणा धरा.

गेल्या वर्षी माझ्या चुलतभावाच्या साताऱ्यातल्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. हॉलमध्ये पणजीचा फोटो हवा, असं त्याच्या मनात आलं. मनात आलं हे चांगलंच. त्याने अल्बमच्या पानाचा, वरच्या प्लॅस्टिकसकट, ट्यूबलाइटखाली मोबाइलवर फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. कुणीतरी तो अ‍ॅपमध्ये घातला, एका फोटो स्टुडिओने त्यातून पणजी कापून १२ बाय १८ इंचांची फ्रेम करून दिली. वास्तुशांतीच्या दिवशी भिंतीवर गुळगुळीत गालांची, रेखीव भुवयांची, दोन्ही डोळ्यांत सारखीच चमक असलेली एक बाई होती. ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू. पणजीला प्रत्यक्ष पाहिलेली आमच्यात आता एकच व्यक्ती उरली आहे, माझी आत्या. ती फ्रेमसमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "ही कोण?"

पणजीला लहानपणी देवी आल्या होत्या. वाचली, पण चेहऱ्यावर व्रण राहिले आणि डाव्या डोळ्यात फूल पडलं. त्या डोळ्यामुळे तिचं लग्न जमेना. शेवटी बिजवराला दिली. तो बिजवर म्हणजे माझे पणजोबा. म्हणजे आज जी आमची पंधरा-सोळा घरं पुण्या-मुंबईत, साताऱ्यात आणि एक थेट न्यू जर्सीत पसरली आहेत, ती सगळी त्या फुलापाशी जाऊन पोचतात. डोळा धड असता तर तिला दुसरं स्थळ मिळालं असतं आणि हा लेख लिहायला मी नसते. अ‍ॅपने पहिल्या फटक्यात जर काही दुरुस्त केलं असेल, तर तो डोळा.

"अगं ताई, फोटो क्लिअर केलाय फक्त. सगळ्यांना आवडलाय, तुलाच काय खुपतंय?" असं भाऊ म्हणाला. त्याला तिथे, पाहुण्यांसमोर, उत्तर दिलं नाही. इथे देते.

आधी हिशेब. व्हॉट्सअ‍ॅप साध्या दर्जात फोटो पाठवताना त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणून ठेवतं. भावाच्या मोबाइल फोटोत अल्बमचं पान, टेबल, टेबलावरची वाटी हे सगळं होतं. मूळ फोटोने निम्मीच जागा व्यापलेली. म्हणजे ८४ मिलिमीटरच्या वाट्याला ८०० पिक्सेल आले आणि ५ मिलिमीटरच्या चेहऱ्याच्या वाट्याला सुमारे ४८. भिंतीवरच्या फ्रेममध्ये हाच चेहरा जवळपास १५०० पिक्सेल रुंद आहे. लांबी-रुंदी दोन्हीकडे ३१ पट. क्षेत्रफळाने बघितलं तर फोटोतून आलेल्या एका पिक्सेलमागे सुमारे हजार पिक्सेल कुठून तरी दुसरीकडून आलेले आहेत. ते कुठून आले, हा सगळा प्रश्न आहे.

फोटो मोठा करायची जुनी पद्धत अगदी बाळबोध आहे. दोन ठिपक्यांच्या मधे नवा ठिपका हवा असेल तर शेजाऱ्यांची सरासरी काढायची. बायक्युबिक नावाची जी नेहमीची रीत आहे ती आजूबाजूचे १६ पिक्सेल बघते, त्यांना कमी-जास्त वजन देते आणि मधली किंमत ठरवते. फोटो त्यामुळे धूसर होतो. लोकांना ही धूसरता आवडत नाही, मला ती प्रामाणिक वाटते. 'यापुढचं मला ठाऊक नाही' असं सांगायची ती चित्राची रीत आहे. क्लॉड शॅननने १९४८ साली ज्या माहितीशास्त्राचा पाया घातला, त्यात पुढे सिद्ध झालेला एक साधा नियम आहे: हाती असलेल्या माहितीवर तुम्ही कितीही प्रक्रिया करा, मूळ गोष्टीबद्दलची माहिती त्यातून वाढत नाही. फार तर तितकीच राहते, बहुधा घटते. इंजिनिअरिंगला आम्ही हे परीक्षेपुरतं पाठ करतो आणि नोकरी लागली की विसरतो.

मग अ‍ॅपला पापण्या कुठून मिळतात? दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरून. चेहरे सुधारणारी जी मॉडेल्स गेल्या काही वर्षांत गाजली, उदाहरणार्थ २०२१ चं जीएफपीगॅन किंवा त्यानंतरचं कोडफॉर्मर, ती एफएफएचक्यू नावाच्या संग्रहावर शिकवलेली आहेत. त्यात ७०,००० चेहरे आहेत. सगळे फ्लिकर या फोटोंच्या साइटवरून गोळा केलेले, प्रत्येकी १०२४ बाय १०२४ पिक्सेल. संग्रह करणाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की फ्लिकरचे सगळे कल यातही उतरलेले आहेत. मॉडेलला धूसर चेहरा दिला की ते विचार करतं (करत नाही, पण सोयीसाठी म्हणू), की मी पाहिलेल्या चेहऱ्यांपैकी कोणत्या प्रकारचा चेहरा धूसर केला तर असा दिसेल? आणि तो काढून देतं. फ्लिकरवर फोटो टाकणाऱ्या लोकांत डोक्यावर पदर घेतलेल्या, देवीचे व्रण असलेल्या, डोळ्यात फूल पडलेल्या वाई तालुक्यातल्या बायका किती असतील, हे तुम्हीच ठरवा.

हे काही मी शोधून काढलेलं गुपित नाही. जून २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांच्या 'पल्स' नावाच्या प्रणालीवरून जगभर वाद झाला होता. ती १६ बाय १६ पिक्सेलचा चेहरा घेऊन १०२४ बाय १०२४ चा करून द्यायची. म्हणजे २५६ ठिपके आत, साडेदहा लाख ठिपके बाहेर. कुणीतरी तिला बराक ओबामांचा पिक्सेल-पिक्सेल झालेला फोटो दिला आणि बाहेर एक गोरा माणूस आला. मजा अशी, की गणिताच्या दृष्टीने प्रणाली चुकली नव्हती. तो गोरा माणूस पुन्हा लहान केला, की ओबामांच्या त्या धूसर फोटोसारखाच दिसत होता. एका धूसर चित्राच्या पोटात असे असंख्य चेहरे मावतात. आपण बनवतो ती माणसं अस्तित्वात नसतात, ओळख पटवायला हे वापरू नका, असं ती प्रणाली करणाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. संशोधक सांगतात, अ‍ॅप विकणारे सांगत नाहीत. कोडफॉर्मरमध्ये तर शून्य ते एक असा एक आकडा देता येतो: एका टोकाला मूळ फोटोशी निष्ठा, दुसऱ्या टोकाला देखणेपणा. करणाऱ्यांनी हा पेच ओळखून त्याला रीतसर बटण दिलं. तुमच्या मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये असं बटण दिसलं का कधी? मला तरी अजून भेटलेलं नाही. तिथे एकच बटण असतं आणि त्यावर चांदण्या काढलेल्या असतात.

देवीचा आजार घ्या. भारतात शेवटचे रुग्ण १९७५ साली सापडले, १९७७ मध्ये देश देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्याआधीच्या पिढ्यांत हे व्रण इतके सर्रास होते की त्यांची कुणी वेगळी नोंद ठेवली नाही. ज्यांच्यावर ते होते त्यांतली बरीच माणसं आता गेली किंवा म्हातारी झाली. घराघरांतला पुरावा उरला आहे तो या टिचभर फोटोंत. आणि मॉडेलच्या दृष्टीने व्रण म्हणजे काय, तर कागदावरची घाण. कागदावर पडलेली बुरशी आणि गालावर पडलेला व्रण यांतला फरक त्याला सांगणारं कुणी नाही. हनुवटीवरचं गोंदण हा डाग. आडवं लावलेलं ठसठशीत कुंकू हाही डाग, कधी ते भुवयांत मिसळून टाकलं जातं. पुढचा पडलेला दात भरला जातो, तिरळा डोळा सरळ होतो. फुकट दवाखानाच.

रंग भरण्याबद्दलही दोन शब्द, कारण 'क्लिअर' केल्यावर लोक तिथेच थांबत नाहीत. जुन्या काचेच्या प्लेट्स आणि नंतरच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. लाल कुंकू, लाल पातळ फोटोत काळं येतं; निळं फिकट, जवळजवळ पांढरं येतं; त्वचाही असते त्यापेक्षा सावळी येते. म्हणजे करडी छटा बघून रंग ओळखणं तत्त्वतःच शक्य नाही, आणि जे अंदाज केले जातात ते एकाच बाजूला चुकत जातात. आनंदीबाई जोशींचा तो प्रसिद्ध फोटो आठवा, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या इस्लामबूली यांच्यासोबतचा, १० ऑक्टोबर १८८५ चा. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात तो आहे. नेटवर त्याच्या रंगवलेल्या आवृत्त्या फिरतात. आनंदीबाईंच्या साडीचा रंग त्या फोटोवरून कुणालाही सांगता येणार नाही. पण एकदा का रंगीत आवृत्ती शाळेच्या भिंतीवर लागली, की तोच रंग खरा.

यावर ठरलेला आक्षेप असा, की हे पूर्वीही होतच होतं. स्टुडिओवाला ब्रश फिरवायचाच. होतं ना, मला ठाऊक आहे. ग्रुप फोटोतून आजोबांचं डोकं कापून त्याखाली कोट-टाय रंगवणारे कलाकार प्रत्येक तालुक्याच्या गावी होते. ख्रिस्तोफर पिनी या मानववंशशास्त्रज्ञाने मध्य प्रदेशातल्या नागदा गावच्या स्टुडिओंवर 'कॅमेरा इंडिका' या १९९७ च्या पुस्तकात लिहिलं आहे, त्यात अशा जोडकामाला मोठी जागा आहे. पण त्या कलाकाराचा ब्रश दिसायचा. कोट रंगवलेला आहे हे पोरालाही कळायचं. तो समोर बसून विचारायचा, डोळे घारे की काळे, टोपी घालायचे की पागोटं? घरातलं कुणीतरी उत्तर द्यायचं, म्हणजे त्या चित्रात घरच्यांची आठवण थोडीफार तरी मिसळायची. आणि काम झालं की मूळ फोटो पाकिटात घालून परत मिळायचा. अ‍ॅप काही विचारत नाही. त्याने काढलेल्या पापण्या रंगवलेल्या वाटत नाहीत, फोटोतल्या वाटतात. फरक एवढाच आहे आणि तो पुरेसा आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, कारण तो प्रेमाने केला जातो. लोकांना बरं वाटतं, रडू येतं, आई म्हणते 'माझी आई परत दिसली'. घरगुती फोटोत एवढं काय सत्य-असत्य? तो काय कोर्टातला पुरावा आहे?

कोर्टातल्या पुराव्यांची काळजी घ्यायला वकील आहेत. २०१३ साली डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं कागद स्कॅन करताना आकडेच बदलत होती, ६ चा ८ करत होती. फाइल लहान व्हावी म्हणून सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या जागी एकच नमुना चिकटवायची युक्ती त्यांच्या आत होती. अक्षर धूसर झालं असतं तर वाचणाऱ्याला शंका आली असती, पण ते स्वच्छ, ठसठशीत आणि चुकीचं होतं. मोठी बातमी झाली, कंपनीला दुरुस्ती काढावी लागली. आकडा बदलला तर बोंब होते. चेहरा बदलला तर बदाम पडतात.

चेहऱ्यावरून बोंब झाली तीही सांगते. एप्रिल २०२१ मध्ये कंबोडियातल्या एस-२१ तुरुंगातले कैद्यांचे फोटो 'व्हाइस' या साइटवर रंगीत होऊन आले. ख्मेर रूजच्या काळात तिथे आणलेल्या माणसांचे आल्या-आल्या फोटो काढले जायचे. त्यातले हजारो जण मारले गेले. रंग भरणाऱ्याने काही चेहऱ्यांवर हसूही चढवलं होतं. मारल्या गेलेल्यांचे नातेवाईक आणि कंबोडियाचं सरकार संतापलं, साइटने तो मजकूर काढून टाकला. वाई तालुक्यातलं लग्न आणि तो तुरुंग यांची बरोबरी करण्याइतकी मी निर्बुद्ध नाही. पण पणजीच्या ओठांच्या कोपऱ्यात आलेलं ते हसू बघितल्यावर मला हेच आठवलं. ती त्या फोटोत हसलेली नाही. अकरांपैकी कुणीच हसलेलं नाही.

आणि घरगुती फोटोला किंमत नाही असं कोण म्हणतं? ज्यांच्या घरी तैलचित्रं होती, वंशावळी होत्या, चरित्रं छापली गेली, त्यांचा एक फोटो बिघडला तर दहा इतर कागद बोलतात. आमच्या पणजीबद्दल जगात कागदाचा एकच तुकडा आहे. शेतमजुरी करणाऱ्या, गावकुसाबाहेर राहणाऱ्या कित्येक कुटुंबांत तर तेवढाही नाही. तिथे घरातल्या म्हातारीचा पहिला आणि शेवटचा फोटो म्हणजे १९९३ साली टी. एन. शेषन यांच्या काळात सुरू झालेल्या मतदार ओळखपत्रावरचा, तिकिटाएवढा, मुळातच भुरकट. अ‍ॅपमध्ये सगळ्यात जास्त हेच फोटो जातात, कारण सगळ्यात धूसर हेच असतात. आणि जितका फोटो धूसर, तितकं अ‍ॅप स्वतःच्या मनचं जास्त घालतं. ज्यांची आधीच सगळ्यात कमी नोंद आहे त्यांचेच चेहरे सगळ्यात जास्त पुसले जातात. मला खरी चीड याची आहे.

बरं, मग करायचं काय? फोटो मोठाच करायचा नाही का?

करायचा. वास्तुशांतीनंतर आत्याकडून अल्बम आणला आणि तोच फोटो मी साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर १२०० डीपीआयला स्कॅन केला. चेहऱ्याला ४८ च्या जागी २३६ पिक्सेल मिळाले. लांबी-रुंदीत पाचपट, क्षेत्रफळात चोवीसपट, आणि यातला प्रत्येक पिक्सेल कागदावरून आलेला. डाव्या डोळ्याच्या जागी पांढुरका ठिपका दिसतो. व्रण मोजता येत नाहीत, पण गाल गुळगुळीत नाहीत एवढं कळतं. ८४ मिलिमीटरचा हा फोटो ए-फोर कागदाच्या लांबीएवढा केला तर साडेतीन पट होतो आणि छपाईला ३३९ डीपीआय उरतात, म्हणजे उत्तम छपाईला लागतात त्याहूनही जास्त. एकही ठिपका मनचा नाही. त्यात पणजीचा चेहरा १८ मिलिमीटरचा येतो, अंगठ्याच्या नखापेक्षा मोठा. हॉलच्या पलीकडच्या टोकावरून तो दिसणार नाही, जवळ जाऊन बघावा लागेल. शिवाय ती एकटी नसेल, लग्नातल्या दहा जणांत बसलेली असेल, जशी होती तशी.

स्कॅनर विकत घेणार असाल तर खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला १९,२०० वगैरे आकडा विसरा, तो आतल्या आत फुगवलेला असतो. 'ऑप्टिकल' असं लिहिलेला आकडा बघा. एवढ्याशा फोटोंना १२०० पुरतो, पोस्टकार्डाएवढ्यांना ६००. त्यापुढे गेलात तर कागदाचे तंतू दिसतील, माणूस नाही. कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीतमध्येच स्कॅन करा. पिवळे-तपकिरी डाग निळ्या चॅनलमध्ये उठून दिसतात आणि लाल चॅनलमध्ये बरेचसे विरून जातात. फोटो तुम्ही रंगीत उचलला असेल तरच पुढे हे वेगळं करता येतं. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं शार्पन, धूळ काढणं, आपोआप सुधारणं हे सगळं बंद ठेवा. फाइल टिफमध्ये ठेवा, जेपेग वाटायला काढा. सत्तरच्या दशकातला तो रेशमी, खरखरीत कागद असेल तर त्याचे उंचवटे चमकतात. एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून असे दोन स्कॅन करून त्यांची सरासरी काढली तर चमक बरीच कमी होते. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. काचेसकट स्कॅन करा, पण त्याला सीसीडी जातीचा स्कॅनर लागतो. स्वस्तातल्या सीआयएस स्कॅनरला काचेपासून जरा वर असलेली वस्तूही धूसर दिसते. तो नसेल तर मोबाइल चालेल, फक्त उजेड बाजूने घ्या आणि फोटोने आख्खी चौकट भरू द्या. पुसायला कोरडा मऊ ब्रश. ओलं फडकं नको, थुंकी तर नकोच (हसू नका, मी पाहिलं आहे).

आणि मागची बाजू. ती कुणीच स्कॅन करत नाही. स्टुडिओचा शिक्का, कुणाच्या तरी हस्ताक्षरातली पेन्सिलीची नावं, कधी तारीख, कधी उधारीचा हिशेब तिथे असतो. आमच्या फोटोच्या मागे पेन्सिलीने अकरापैकी सात नावं आहेत. उरलेल्या चार जणांत एक बाई कोण ते आत्यालाही आठवत नव्हतं. नवा स्कॅन टॅबवर मोठा करून दाखवला तेव्हा ती बाईच्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे बघत राहिली. उजव्या हाताचं करंगळीजवळचं बोट अर्धंच आहे. ऊस गाळताना चरकात गेलेलं. मग नाव आलं, तिच्या माहेरचं गावही आलं. अ‍ॅपने बोट पाचाचं पाच करून दिलं असतं.

पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, तो जसाच्या तसा पोचतो. फाइलच्या नावात साल, गाव आणि प्रसंग घाला. 'आयएमजी' आणि त्यापुढे बारा आकडे हे नाव नव्हे. आणि एवढं सगळं वाचूनही कुणाला एआयची आवृत्ती हवीच असेल, तर करा बापडे. पण चित्राच्या आत, खालच्या पट्टीवर, पुसता येणार नाही अशा अक्षरांत 'हा चेहरा संगणकाने बनवलेला आहे' असं छापा आणि मूळ स्कॅन त्याच मेसेजमध्ये आधी टाका. फाइलच्या पोटात लपलेल्या नोंदींवर विसंबू नका. दोन फॉरवर्डमध्ये त्या गळून पडतात, चेहरा मात्र फिरत राहतो.

भावाशी माझं अजून मिटलेलं नाही. फ्रेम हॉलमध्येच आहे. ए-फोरचा नवा प्रिंट मी त्याला दिला आहे, तो शोकेसच्या खणात आहे असं वहिनीने सांगितलं. त्याची मुलगी चार वर्षांची आहे आणि भिंतीकडे बोट दाखवून 'मोठी आजी' म्हणायला शिकली आहे.

या मे महिन्यात गावी जाल तेव्हा माळ्यावरची ट्रंक खाली काढा. पाऊस सुरू झाला की फोटोच्या जिलेटिनला बुरशी धरते आणि कसर कागद खाते. घरात पंच्याहत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना शेजारी बसवा, चष्मा लावायला सांगा, आणि फोटोला हात लावण्याआधी पेन्सिल-वही जवळ ठेवा.